नवमीला उचललेलं पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल होतं असं म्हटलं की लोक सरसावून बसतात. त्यांना लगेच चंबळ आठवते, डाकू आठवतात, घोडे आठवतात. तसलं काही नाही हो. आमचं पिस्तूल लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली, फडक्यात गुंडाळलेलं असायचं. काडतुसं कधीचीच संपली होती. त्यानं आमच्याकडे कधी चिमणीसुद्धा मारली नाही. नुकसान झालं ते एकदाच, आणि तेही माझ्या हातून.

पिस्तूल आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. संस्थानच्या फौजेत चोवीस वर्षं काढून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निघताना त्यांच्या साहेबानं स्वतःच्या कमरेचं पिस्तूल सोडून त्यांच्या हातात दिलं. कागद नाही, शिक्का नाही. तेव्हा कुणी मागतही नव्हतं. ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात मराठ्यांच्या निम्म्या घरांत काही ना काही असायचंच. कुणाकडे तलवार, कुणाकडे जुनी बंदूक. पाव्हण्याला पाणी देतात तसं ते दाखवलं जायचं.

आम्ही दाल बाजारात राहायचो, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत. खाली आढतियाचं, म्हणजे अडत्याचं, गोदाम. पोती हलवली की डाळीची धूळ जिन्यातून वर यायची आणि मी शिंकत शिंकत पोळ्या लाटायची. आई गेली होती. भाऊ सरकारी कचेरीत. त्याची कचेरी सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला, आणि त्याचं मन बारा महिने इंदूरला. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. सव्विसावं लागलं तरी लग्न जमत नव्हतं. पुण्याकडचं एक स्थळ आलं, बघून गेलं, आणि मुलगी हिंदीत मराठी बोलते असं कळवून मोकळं झालं. जा म्हटलं, तुमचं सोवळं मराठी तुम्हालाच लखलाभ. पण रडले मी त्या दिवशी, खोटं कशाला बोलू?

तर घरात आम्ही दोघंच. आबा बोलणारे नव्हते. सकाळी फिरायला जायचे, पेपर वाचायचे, संध्याकाळी बाड्याच्या मोठ्या चौकापर्यंत जाऊन यायचे, आणि या सगळ्यात चार वाक्यं बोलायचे. अपवाद फक्त रविवारचा. रविवारी सकाळी ते पेटी उघडायचे, पिस्तूल काढायचे, माझ्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी मागायचे आणि खिडकीत बसून त्याला तेल द्यायचे. हात कामात असले की त्यांची जीभ सैल व्हायची. फौजेतल्या गोष्टी, आईची गोष्ट, मी लहानपणी घोड्याला खरारा करायच्या ब्रशनं कसे केस विंचरले ती गोष्ट. मी भाजी निवडत ऐकायची. आठवड्यात तेवढा एक तास मला वडील होते. पिस्तुलाशी माझं नातं एवढंच, पण ते थोडं नव्हतं.

दुसरं म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सकाळी पाटावर लाल कापड घालून पिस्तूल मांडायचं, गंध, फुलं, नैवेद्य. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. घरधन्यानंही नाही. त्या दिवशी शस्त्र आपलं नसतं, देवीचं असतं, असं आबा सांगायचे. आई असताना तर त्या खोलीत केरसुणीसुद्धा फिरवायची नाही.

मध्यंतरी संस्थान गेलं होतं. ग्वाल्हेर आणि इंदूर अशा दोन राजधान्यांचा मध्यभारत झाला. फौज हिंदुस्थानच्या फौजेत गेली, आबांच्या हाताखालचे निम्मे लोक घरी आले. आबांनी ते मुकाट्यानं घेतलं. राजा गेला तर गेला, म्हणाले, आपण पगार खाल्ला, नोकरी केली, हिशेब फिटला. त्यांना राज्यकारभाराचं दुःख नव्हतं. मला वाटलं, चला, सुटलो.

घटना लागू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा बाजारात मुनादी झाली. ढोल वाजवत एक माणूस ओरडत गेला की ज्यांच्याकडे बिनपरवान्याची हत्यारं असतील त्यांनी अमक्या तारखेपर्यंत ठाण्यात जमा करावीत. मुदतीत जमा करील त्याला काही विचारणार नाहीत, पुढे परवान्याचा अर्जही करता येईल. मुदत टळली की गुन्हा. मी भिंतीवरचं पंचांग पाहिलं. मुदतीचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. तारीख लिहिणाऱ्याच्या घरी पाटावर काही मांडत नसावेत.

मी आबांना म्हटलं, आधीच देऊन टाका. ते म्हणाले, दसरा झाला की स्वतः नेऊन देतो. मी म्हटलं, दसरा झाला की मुदत संपली. ते म्हणाले, एका दिवसानं काय आभाळ कोसळतं? आणि पेपर वाचायला लागले. फौजेत चोवीस वर्षं हुकूम पाळलेला माणूस, म्हातारपणी त्याला एकच हुकूम मोडायचा होता.

त्यांना हवा द्यायला शेजारचे वकीलसाहेब होते. त्यांचे पूर्वज दख्खनेतून येऊन दरबारात कारकुनी करत आले. ते स्वतः हायकोर्टात उभे राहायचे. माणूस भला, पण कायद्याचं व्यसन. घटनेचं पुस्तक घेऊन ते आमच्याकडे येऊन बसायचे, मी चहा करायची, आणि ते पानं उलटून उलटून दाखवायचे. मालमत्ता बाळगण्याचा हक्क इथे लिहिलाय. आपल्या धर्माप्रमाणे पूजा करण्याचा हक्क इथे. शिखांच्या कृपाणाचा तर नाव घेऊन उल्लेख आहे. मग सुभेदारसाहेबांचं पिस्तूल, ज्यात काडतूस नाही, जे पाटावर पूजेला मांडलेलं आहे, ते कुठल्या कायद्यानं उचलणार? येऊ द्या त्यांना. उचलू द्या पूजेतून. मग बघतो. हे प्रकरण दिल्लीपर्यंत जाईल, असं म्हणताना त्यांचा चहा बशीत सांडायचा.

मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटतं की यात एक गोम होती. महाराजांच्या काळात तरी तो हक्क कुठे होता? मेहरबानी होती. साहेबानं दिलं म्हणून मिळालं, कुणी विचारलं नाही म्हणून राहिलं. आणि घटनेत हक्क असले तरी त्यांना वाजवी बंधनं घालता येतात असंही त्याच पुस्तकात होतं. मी चहाचे कप उचलता उचलता वाचलं होतं. मी तसं बोलून दाखवलं तर वकीलसाहेब हसले, म्हणाले, बाई, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. आबा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले की मेहरबानी असो नाहीतर हक्क असो, एकदा तरी कुणीतरी मला सांगावं की हे तुझं आहे. मला तेव्हा ते ऐकू गेलं नाही.

कारण मला पिस्तुलाची फिकीरच नव्हती. मला माझी होती. मुदत टळली, शिपाई आले, आबांना बाड्यावरून पायी नेलं, असं चित्र मला वर्गात फळ्यावर लिहिताना दिसायचं. त्यांना दम्याचा त्रास. कोठडीत एक थंडी काढली असती तर ते परत आले नसते. मग मी, दोन खोल्या आणि डाळीची धूळ. मला एकटं राहायचं नव्हतं. बस्स, इतकी साधी आणि इतकी स्वार्थी गोष्ट होती ती.

नवमीला सकाळी आबांनी पूजा मांडली. पिस्तुलावर झेंडूची दोन फुलं ठेवली. दुपारी ते टेकडीवरच्या देवीला गेले. मी अंघोळ केली, धूतवस्त्र नेसले, देवीला म्हटलं, माफ कर ग बाई, आणि पाटावरून पिस्तूल उचललं. जड होतं. इतकी वर्षं बघत होते, हातात पहिल्यांदाच घेतलं. शाळेच्या थैलीत मुलींच्या वह्यांखाली ठेवलं आणि निघाले. सराफ्यातून जाताना ओळखीचे दोघंतिघं भेटले. एकीनं थांबवून सणाच्या दिवशी कुठे निघालीस म्हणून विचारलं. वह्या तपासायच्यात, मी म्हटलं.

ठाण्यात मुन्शी होता. त्यानं पिस्तूल उलटंपालटं करून पाहिलं, त्यावरचं कुंकू बोटानं पुसलं. नाव, पत्ता, कुणाचं, सगळं लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, “घर से यहाँ तक आप ही लाईं? अकेली?” मी मोठ्या ताठ्यानं हो म्हटलं. त्यानं तेही लिहिलं. पावती दिली. मी जिंकल्यासारखी घरी आले.

आबा परत आले तेव्हा मी पाटाजवळच बसले होते. पाटावर लाल कापड आणि दोन फुलं. मी पावती पुढे केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मला त्याची तयारी होती. त्यांनी फक्त विचारलं, “उत्तरपूजा?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी फुलं उचलून कुंडीत टाकली, कापडाची घडी केली आणि टोपी न काढता खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते सोनं द्यायला कुणाकडे गेले नाहीत. लोक आमच्याकडे आले, मी आपट्याची पानं घेतली, दिली, आबांना बरं नाही म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. आबा वकीलसाहेबांना घेऊन गेले. मी येते म्हटलं तर हातानंच नको म्हणाले. दोन तासांनी आले. काय झालं विचारलं तर वकीलसाहेब म्हणाले, काम झालं. आणि माझ्याकडे न बघता आपल्या घरात शिरले. त्यानंतर घटनेचं पुस्तक आमच्याकडे कधी आलं नाही.

आणि आबा बोलायचे थांबले. म्हणजे अगदी अबोला नाही. दूध आलं. दार लाव. भावाचं पत्र आहे. एवढं. रविवारी पेटी उघडायचं कारण उरलं नव्हतं. मी वेडी, पहिले काही रविवार तेलाची कुपी खिडकीत ठेवून बघायची. ते ती उचलून शिवणयंत्राजवळ ठेवायचे. मी परवान्याचा अर्ज आणला, भरला, सहीपुरता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो परत सरकवला. म्हणाले, मागून आणलेलं शस्त्र पाटावर मांडत नाहीत. वर्षभरातलं सगळ्यात लांब वाक्य ते. मग मलाही राग आला. म्हटलं, राहा बसून. ज्याच्यासाठी केलं तोच उलटला. मीही कामापुरतं बोलायला लागले. हट्टात मी त्यांचीच मुलगी ना.

अशी चार वर्षं गेली. चार वर्षं म्हणायला सोपं आहे. एका खोलीत दोघं जेवतात, डाळीत मीठ नसतं, आणि मीठ नाही हेसुद्धा कुणी बोलत नाही. शाळेत मी बडबडी म्हणून प्रसिद्ध होते. मधल्या सुट्टीत इतकी बोलायची की बाकीच्या शिक्षिका थकायच्या. घरी जिना चढताना तोंड मिटायची. कधीकधी सुट्टीच्या दिवशी मी एकटीच स्टेशनजवळच्या पडावला जाऊन यायची, काही काम नसताना. तांगेवाले, हमाल भांडत असायचे ते ऐकत उभी राहायची. कुणीतरी मोठ्यानं बोलतंय एवढ्यावरही बरं वाटायचं.

मग पुन्हा नकाशा बदलला. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळला. कचेऱ्या उचलल्या, माणसं उचलली. आमच्या गल्लीतली तीन मराठी घरं एका महिन्यात रिकामी झाली. भाऊ भोपाळहून लिहायचा की इथे चांगली हवा आहे, तळं आहे. आम्हाला या म्हणून लिहायचा नाही. मुख्य हायकोर्ट जबलपूरला झालं, तसे वकीलसाहेबही निघाले. त्यांची मुलगी तिकडे दिलेली होती.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. हातात दोरीनं बांधलेली पातळ फाइल. म्हणाले, ही तुमची, मी कुठे वागवू? मग जरा घुटमळले. सुभेदारसाहेबांनी मला शपथ घातली होती, पण आता मी चाललोय, आणि तुम्हा दोघांना असं बघून मला जेवण जात नाही. असं म्हणून गेले.

मी जिन्यातच बसून दोरी सोडली. आत आबांच्या जबाबाची नक्कल होती. हिंदीत लिहिलेली. हे पिस्तूल मी माझ्या खुशीनं जमा केलं आहे. आजारी असल्यामुळे स्वतः न येता मुलीच्या हातून पाठवलं. ती माझ्याच सांगण्यावरून गेली. खाली मोडीत सही. बाजूला वकीलसाहेबांच्या बारीक अक्षरात टिपण. मुदतीची माफी फक्त मालकाला; बिनपरवान्याचं हत्यार भर बाजारातून नेल्याबद्दल मुलीवर गुन्हा नोंदवण्याचा विचार. नोकरी जाण्याचा संभव. जबाब दिल्यास मुलगी सुटते, परंतु स्वखुशीनं दिलेल्या वस्तूबद्दल कोर्टात हक्क सांगता येणार नाही. आणि खाली, दोनदा अधोरेखित, याचिका रद्द.

वह्यांखाली पिस्तूल घालून सराफ्यातून जाताना गुन्हा मी करत होते, हे मला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी शहाणी, पुस्तक वाचणारी, वकिलाला वाजवी बंधनं दाखवणारी.

वर गेले. आबा खिडकीत बसून मटर सोलत होते. तेवढं एक काम ते माझ्यासाठी न सांगता करायचे. मी फाइल त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती ओळखली. शेंगा बाजूला केल्या.

मी म्हटलं, “आबा, तुम्ही खोटं लिहून दिलंत.”

“दिलं.”

“मग माझ्याशी बोलत का नव्हतात? मला वाटलं तुमचा राग आहे माझ्यावर.”

त्यांनी सोललेले दाणे वाटीत लोटले. मग म्हणाले, “राग दोनच दिवस होता. आयुष्यात एकदाच खोटं बोललो, तेही सही करून. तुझ्याशी बोलायला बसलो असतो तर आधी ते सांगावं लागलं असतं. आणि ते कळलं असतं तर तू माझ्या पुढ्यात ताठ मानेनं बसली नसतीस.”

मी तिथेच फतकल मारून बसले आणि हमसून हमसून रडले. आबांनी मला उगी म्हटलं नाही. त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. थोड्या वेळानं विचारलं, तुझ्या शाळेत ती लठ्ठ हेडबाई अजून आहे का? मी म्हटलं, नाही, तिला जाऊन दोन वर्षं झाली. असं का, म्हणाले, मला माहीतच नाही. आणि मग मी सांगायला लागले. हेडबाईचं, मुलींचं, भोपाळच्या भावाचं, पडावच्या भांडणांचं. मटर संपले तरी आम्ही उठलो नाही.

रविवार परत आला. पिस्तूल नव्हतं, तर आबा माझ्या शिवणयंत्राला तेल द्यायला लागले. त्याला इतकं तेल लागत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. असे पंधरा रविवार मिळाले मला. सोळाव्याच्या आधी, थंडी ओसरता ओसरता, दम्यानं ते गेले.

पावती माझ्याकडे आहे. पिस्तुलाचं काय झालं कोण जाणे. मी विचारायला गेले नाही. माझ्याही नावानं अर्ज करता आला असता म्हणतात. पण मागून आणलेलं मांडत नाहीत. पुढे मी दाल बाजार सोडला, शाळेतून निवृत्त झाले, शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा झाला. खंडेनवमीला मी पाट मांडते, लाल कापड घालते, झेंडूची दोन फुलं ठेवते. समोरच्या घरातली सून एकदा डोकावून म्हणाली, अम्माजी, इस पर तो कुछ है ही नहीं. मी म्हटलं, हो बेटा, ते मीच उचललं. दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत मी त्या पाटाला हात लावत नाही, आणि तो पूर्ण दिवस घरात कुणाशी बोलायचं म्हटलं तर आबांशीच बोलते.